मापाचे पैसे

"पाय माझा, आणि कळ मात्र तुम्हा सगळ्यांना येतेय," असं मास्तर एकदा म्हणाले होते.

तेव्हा ते दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर उशीला टेकून बसले होते. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ, पायथ्याशी मुलगी. सर्जनबाई खर्चाचा आकडा सांगून नुकत्याच पुढच्या खाटेकडे वळल्या होत्या आणि तिघांचेही चेहरे कुणी चिमटा काढावा तसे झाले होते. मास्तरांचा चेहरा रिकामा होता. ते विनोद करत नव्हते. त्यांच्या उजव्या पायाला खरोखरच काही दुखत नव्हतं. चवडा काळा पडला होता, खोलीत त्याचा गोडसर वास भरला होता, आणि मास्तर छताच्या पंख्याकडे बघत होते. पंख्याचं एक पातं वाकडं होतं, म्हणून तो हलत होता. नीट बसवला नाही कुणी, असं त्यांच्या मनात आलं असावं. दुसऱ्याच्या कामातली खोट त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

शिवणकाम करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. इतकी वर्षं म्हणत राहिले की खरं नाव फक्त औषधांच्या चिठ्ठीवर उरलं. दुकानाच्या पाटीवरही ते नव्हतं. तिथे नुसतं लिहिलं होतं, 'कपडे शिवून मिळतील'.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेला लांबट, अरुंद गाळा. पुढे काचेच्या दाराशी कापड बेतायचं मोठं टेबल, मागे दोन शिलाई मशिनं आणि कापडाच्या कडा मारणारं एक ओव्हरलॉक, त्यामागे इस्त्रीची फळी आणि एक नळ. शेवटी एक खिडकी होती. तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे आणि भिंतीवरून खाली येणारा पाण्याचा पाइप. बाकी काही दिसत नसे, तरी काम करणाऱ्या बायका मान अवघडली की त्या खिडकीकडेच बघत.

शाळांचे गणवेश, साहेब लोकांच्या पँटी, पडदे, उश्यांचे अभ्रे. मास्तर बेतायचे. मशीनवर मैना बसायची. तिचंही खरं नाव वेगळंच, पण तोंड मिटत नाही म्हणून मैना. मशीन थांबलं तरी ती थांबत नसे. मास्तरांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, ती काज, बटणं आणि तुरपाई करायची. मुलगी शाळा संपल्यावर दुकानात आली ती हट्टानं. मास्तर आधी नको म्हणाले, मग वर्षभर तिला नुसत्या चिंध्या वेगळ्या करायला लावल्या, आणि मग एके दिवशी आपली कात्री तिच्यापुढे सरकवली. मास्तरांची कात्री काकूंनीही कधी हातात घेतलेली नव्हती. मैना त्या दिवशी म्हणाली, "बघा, आमच्या नशिबी सुई आणि पोरीच्या नशिबी कात्री. चालायचंच."

मुलीचा हात चांगला निघाला. कॉलर तर ती मास्तरांपेक्षा सुबक बसवू लागली. तेव्हापासून गाळा मुलीचा, हे घरात ठरलेलं होतं. कुणी ते बोलून दाखवत नसे, पण रंगाऱ्याला विचारून झालं होतं, नव्या पाटीवर तिचं नाव किती मोठं बसेल.

गाळ्यात चपला घालून कुणी आत येत नसे. कापड जमिनीवर लोळतं, डाग पडतो, आणि डाग पडला की शिलाई गेली पाण्यात. गिऱ्हाईकंसुद्धा दाराशी चपला काढत. मास्तर तर दिवसभर अनवाणी. आणि संध्याकाळी, झाडू मारून झाला, शटर अर्धं खाली आलं, की ते एक फेरी मारत. हात पाठीमागे, नजर समोर, पावलं सावकाश. दारापासून खिडकीपर्यंत, मग टेबलाखालून, मशिनांच्या मधून परत. खाली बघत नसत. तळव्यांनी टाचण्या शोधत.

ही सवय त्यांना त्यांच्या गुरूकडून आली होती. गुरूच्या दुकानात कधीतरी एक टाचणी गणवेशात राहून गेली आणि शाळेतल्या एका पोराच्या मानेत घुसली. ती शाळा गेली, तिच्या मागोमाग दुसऱ्याही गेल्या. तेव्हापासून तो म्हातारा अनवाणी फेरी मारायचा आणि शिकाऊ पोरांनाही मारायला लावायचा. झाडूला सापडत नाही ते तळव्याला सापडतं, म्हणायचा. काकूंनी एकदा लोहचुंबक आणला होता, काठीला बांधायचा. मास्तरांनी तो हातात फिरवून बघितला आणि ठेवून दिला. "पितळेची टाचणी याच्या बापाला तरी सापडेल का?" म्हणाले. ते खरंही होतं.

टाचणी टोचली की ते वाकत नसत. एका पायावर उभे राहत, दुसरा पाय गुडघ्यात मुडपून वर घेत, टाचणी उपसत आणि शर्टाच्या कॉलरमध्ये खोचत. कधी एक असे, कधी तीन-चार. "मास्तरांची पदकं," मैना म्हणायची.

शुगर निघाली तेव्हा मास्तरांच्या डोक्यावर केस होते. गोळ्या सुरू झाल्या. घरी फिका चहा आणि कोपऱ्यावरच्या टपरीत गोड, असा बेत त्यांनी स्वतःचा स्वतः बेतला. काकूंना तो ठाऊक होता आणि काकूंना ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग मुंग्या गेल्या. बरं झालं, असं वाटलं.

त्यानंतरच्या काळात मास्तरांची कॉलर रिकामी राहू लागली. फेरी रोज व्हायची, पण टाचणी सापडत नसे. मास्तरांना मनापासून आनंद झाला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाची तोंडावर स्तुती केली नव्हती, ती तेव्हा केली. मैनेच्या मशीनपाशी थांबून म्हणाले, "हात सुधारला गं तुझा. आता टाचणी पडत नाही."

"मग पगार वाढवा की," मैना म्हणाली. ती सवयीनं बोलून गेली होती.

मास्तरांनी पगार वाढवला.

मैनेला सकाळी मशीनखाली टाचण्या सापडत. कधी पायदानाजवळ, कधी नळाशी. मास्तरांचं वय झालं, नजर उतरली, एवढंच तिला वाटलं. नजरेचा यात काही संबंध नाही हे तिच्या ध्यानात आलं नाही. ती टाचण्या उचलून डबीत टाकायची. आणि तोंड न मिटणारी ही बाई या एका गोष्टीबद्दल गप्प राहिली, कारण वाढलेला पगार कुणाला नको असतो?

पुढे एका हॉलच्या पडद्यांचं काम आलं. अस्तर पांढरं. पडद्याचा पन्हा टेबलावर मावेना, म्हणून मास्तरांनी अस्तर जमिनीवर पसरलं आणि दिवसभर त्याच्यावरून वावरत, गुडघ्यांवर बसत ते बेतलं. दुपारनंतर काकू घड्या घालायला बसल्या आणि थबकल्या. अस्तरावर तांबूस ठिपके होते.

मास्तर भडकले. "कुणाचं बोट टोचलं? हजारदा सांगितलं, बोट टोचलं तर आधी कापड सोडा. दाखवा हात!"

तिघींनी हात पुढे केले. मास्तर एकेक बोट उलटंपालटं करून बघत होते. मैनेची बोटं, काकूंची बोटं, मुलीची बोटं. सगळी कोरडी.

"मग काय अस्तरानं स्वतःच रक्त काढलं?"

मुलगी ठिपक्यांकडे बघत होती. ते टेबलापासून इस्त्रीच्या फळीकडे गेले होते, तिथून नळाकडे, नळापासून परत अस्तरावर, आणि अस्तरावरून मास्तर उभे होते तिथपर्यंत.

"बाबा," ती म्हणाली, "पाय वर करा."

"कशाला?"

"करा ना वर."

मास्तरांनी पाय मुडपून वर घेतला, जसा ते फेरीत घेत. अंगठ्याच्या बुडाशी टाचणी पार डोक्यापर्यंत रुतलेली होती. बाहेर दिसत होतं ते नुसतं डोकं, शर्टावर बटण असावं तसं. भोवतालची कातडी पांढरट आणि फुगलेली. ती आज रुतली होती की चार दिवसांपूर्वी, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मास्तरांनाही नाही.

त्यांनी ती नखांनी उपसली. रुमालाला पुसली. आणि सवयीनं कॉलरमध्ये खोचली.

मैना तोंडाला पदर लावून नळापाशी गेली आणि पुष्कळ वेळ हात धूत राहिली.

आठवडाभर मलम झालं. औषधाच्या दुकानदारानं दिलेल्या लाल-पिवळ्या गोळ्या झाल्या. अंगठा आधी लाल झाला, मग जांभळा, मग त्याला रंगच राहिला नाही. मुलीनं ओढून दवाखान्यात नेलं तेव्हा सर्जनबाईंनी पायावर एक लोखंडी काडी ठिकठिकाणी टेकवली आणि विचारलं, "कळतंय?" मास्तर प्रत्येक वेळी "हो" म्हणाले. बाईंनी मग त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि काडी टेकवलीच नाही. "कळतंय?" मास्तर म्हणाले, "हो."

सर्जनबाई कामाच्या बाई होत्या, गोड बोलण्यात वेळ घालवत नसत. म्हणाल्या, "अंगठा जाईल. पण तो काढण्याआधी पायाला रक्त किती पोचतंय ते बघावं लागेल. नळ्या तुंबल्या असतील तर आधी त्या मोकळ्या करायच्या. नाहीतर कापलेलं भरून येणार नाही."

"बघायला किती पडतील?"

बाईंनी सांगितलं.

"आणि नुसतं कापायला?"

बाईंनी तेही सांगितलं. बघण्याचे पैसे कापण्याच्या दुपटीहून जास्त होते.

मास्तर हसले. "बाई, आमच्या धंद्यात माप फुकट घेतात. पैसे शिलाईचे. मापाचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक दुसरं दुकान बघेल."

"मी अंगठा काढला आणि तो भरला नाही, तर पुन्हा यावं लागेल."

"येऊ की. थोडं कापलेलं बरं. जास्त कापलं तर जोडता येत नाही. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं."

कापडाच्या बाबतीत हे बरोबर आहे. मुलीला त्या क्षणी ते बरोबरच वाटलं, कारण हेच वाक्य ऐकत ती कात्री धरायला शिकली होती. सर्जनबाईंनी दोघांकडे बघितलं, आणखी एकदा समजावून सांगितलं, आणि मग खांदे उडवले. पुढे बाकावर माणसं बसलेली होती.

अंगठ्याला ओव्हरलॉक गेलं.

ओव्हरलॉक मशीन विकून आलेले पैसे अंगठ्याला पुरले, उरलेसुद्धा. मास्तरांना हिशेब जमल्यासारखा वाटला. पण कापणं हा खर्चातला सगळ्यात लहान तुकडा निघाला. दिवसाआड पट्टी बदलायला माणूस घरी येऊ लागला, त्याचे पैसे, पट्टीचे वेगळे. इन्सुलिन सुरू झालं. दवाखान्यात जायचं तर रिक्षा, तिथे थांबायचं तर कुणाचा तरी दिवसभराचा खाडा. ओव्हरलॉक नाही म्हणून कापडाच्या कडा हातानं मारायला लागत, त्यात काकूंचा निम्मा दिवस जाई. दोन शाळांनी गणवेश दुसरीकडे टाकले. कापडापेक्षा शिलाई महाग, असं गिऱ्हाईकं कुरकुरतात, तसं मास्तर आता स्वतः कुरकुरू लागले.

बाईंनी पायावर भार द्यायचा नाही असं बजावलं होतं आणि खास बूट करून घ्यायला सांगितला होता. मऊ तळव्याचा, पुढून रुंद. बुटाची किंमत ऐकून मास्तर म्हणाले, "एवढ्यात माणसाचा सूट होतो, शिलाईसकट. आणि दुकानात मी बूट घालणार आहे का?" शाळा सुरू व्हायचे दिवस होते. ते पट्टी बांधलेल्या पायानं टेबलाशी उभे राहिले. पट्टीला चिंध्या चिकटून येत.

फेरीही चालू होती. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, आता कशाला?" तर म्हणाले, "डावा आहे ना."

जखम भरली नाही. दुसऱ्या खेपेला शेजारची दोन बोटं गेली. त्यांना मैनेचं मशीन गेलं आणि धाकट्या भावानं हातउसने दिले ते गेले. भावाचं रंगाच्या डब्यांचं दुकान होतं, कपड्यांवर नेहमी कुठला तरी रंग असे. तो पैसे द्यायला आला तेव्हा बोटाएवढं निळं त्याच्या कानाला लागलं होतं.

"दादा," तो म्हणाला, "लोक वस्तू हप्त्यानं घेतात. तू पाय हप्त्यानं देतोयस."

"व्याज लागत नाही ना त्यात, मग झालं."

"लागतंय. वहिनींना विचार."

काकू एका गुंड्याला दोरा गुंडाळत होत्या, दोरा संपला तरी बोटं गोल फिरत राहिली.

मैना गेली नाही. मशीन नाही तर काज करते म्हणाली आणि काकूंच्या शेजारी बसली. वाढलेला पगार तिनं आपण होऊन सोडला. कारण विचारल्यावर म्हणाली, "टाचण्या पडतात हो माझ्या हातून. पहिल्यापासून पडतात." मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना ते तेव्हा पुरतं समजलं असावं. समजून उपयोग नव्हता.

मग चवडा काळा पडला, आणि ती लोखंडी खाट, तो वाकडा पंखा, तो आकडा.

या खेपेला सर्जनबाईंनी कुणाला विचारलं नाही. आधी रक्त बघितलं. पोटरीच्या खाली नळ्या सुकल्यासारख्या झाल्या होत्या. आता मोकळ्या करून काही मिळणार नव्हतं. गुडघ्याखाली कापावं लागेल, म्हणाल्या. कापणं, खाट, औषधं, पुढे नकली पाय. लांबवलं तर विष अंगात पसरेल, मग पायाचा प्रश्नच राहणार नाही. 'तेव्हाच बघितलं असतं तर' हे वाक्य त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

आकडा गाळ्याच्या निम्म्या किमतीएवढा होता. विकायला आता गाळाच उरला होता.

कळेचं ते वाक्य मास्तर तेव्हाच बोलले. त्यावर कुणी हसलं नाही. मग ते मुलीकडे बघून म्हणाले, "गाळ्याला हात लावायचा नाही. मला घरी न्या."

"बाबा, घरी नेऊन काय करायचं?"

"काय करायचं ते होईल आपोआप. मी किती वर्षं पुरणार? पाच? सहा? तेवढ्यासाठी तुझं जन्माचं दुकान घालवू? फाटक्या कोटाला नवं अस्तर लावत नाहीत."

"लावतात," मुलगी म्हणाली. "तुम्ही स्वतः लावून दिलंय. त्या म्हाताऱ्या वकिलांना."

"त्यांनी पैसे दिले होते."

"मी देते."

"कुठून?"

मुलगी खाटेच्या दांडीला धरून उभी होती. तिचा आवाज वाढला नाही. "गाळा माझा आहे ना? सगळ्यांसमोर सांगा. आहे का नाही माझा?"

"तुझाच आहे. म्हणून तर—"

"मग माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी ठरवीन. काका, तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं बाबा," धाकटा भाऊ म्हणाला आणि भिंतीकडे बघू लागला.

मास्तरांनी डोळे मिटले. माप चुकलं की ते असेच डोळे मिटत, आणि कापड बाजूला ठेवून देत. दुसऱ्या दिवशी ताप चढला, अंग थडथडू लागलं, आणि हो-नाही म्हणायचं त्यांच्या हातात राहिलं नाही. मुलीनं गाळ्याचा पुढचा निम्मा भाग, रस्त्याकडचा, काचेच्या दाराचा, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला विकला. तो बरेच दिवस मागत होता. मधे प्लायवूडची भिंत घालायची आणि मागच्या भागाला बाजूच्या बोळातून दार काढायचं, असं ठरलं. घासाघीस तिनं एकटीनं केली; कागदावर गाळा काकूंच्या नावावर होता, त्यांनी सही केली. मोबाइलवाला नंतर म्हणाला, पोरगी बोलताना टेप हातात घेऊन उभी होती, सारखी जमीन मोजत होती.

पाय गुडघ्याखाली कापला गेला. तो चांगला भरून आला. टाके सुबक होते; काकूंनी बघितले आणि मान डोलावली.

मास्तर ताप उतरल्यावर बरेच दिवस फार कमी बोलत. गाळ्याचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि घरात ते सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी मैना बघायला यायची आणि तासभर वटवट करून जायची. ती गेली की मास्तर म्हणत, "गेला पाऊस." एवढंच त्यांचं बोलणं.

नकली पाय करणाऱ्याचं कारखान्यासारखं दुकान होतं. भिंतीवर पायांची रांग, मोठे, मध्यम, आणि एका खुंटीला अगदी लहान. मास्तर ते बघत बसले. पाय करणाऱ्यानं कापून उरलेल्या पायाला, थोटाला, ओलं प्लास्टर गुंडाळलं, साचा काढला, आणि टेपनं वर, मधे, खाली असं माप घेतलं. मग पुन्हा घेतलं.

"आत्ताचा पाय कच्चा देतो," तो म्हणाला. "थोट आटेल. आटलं की पक्का पाय. तेव्हा पुन्हा माप."

"आटतं?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात पुष्कळ दिवसांनी काहीतरी आलं. "किती आटतं?"

"माणसावर आहे. काहींचं पुष्कळ."

"आधी भिजवून आटवून घेता येत नाही, नाही का. आम्ही कापड घेतो तसं."

पाय करणारा हसला. "नाही. हे वापरातच आटतं."

चिठ्ठीवर मापाचे पैसे वेगळे लावलेले होते. मुलगी पटकन बोलली, "मी बघते ते." मास्तरांनी चिठ्ठी तिच्याकडून घेतली, लांब धरून वाचली.

"मापाचे वेगळे?"

"हो, मास्तर. दोन्ही वेळचे."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले आणि चिठ्ठी मुलीला परत दिली.

बाहेर पडताना त्याच माणसानं डाव्या पायासाठी बूट दाखवला. मऊ तळव्याचा, पुढून रुंद. मास्तरांनी काही न विचारता पाय पुढे केला. डावाही बधिर होता. सर्जनबाईंनी सांगून ठेवलं होतं: हा पाय म्हणजे आता तुमचं सगळं भांडवल. अनवाणी एक पाऊलही नाही. रोज संध्याकाळी तळवा आरशात बघायचा. आरसा काकू धरत. तळवा मास्तर बघत नसत, काकूच बघत, आणि बघून झालं की नुसतं "हं" म्हणत.

कच्चा पाय जाऊन पक्का आला, तेव्हा एका दुपारी मास्तर गाळ्यावर आले. बोळ अरुंद होता, एका हातानं भिंत धरायला बरी पडली. दार नवं, लहान. आत पाऊल टाकण्यापूर्वी ते सवयीनं थबकले, आणि मुलगी आतून म्हणाली, "या तसेच. तुम्हाला बूट चालतो."

प्लायवूडच्या पलीकडून मोबाइलच्या घंट्या वाजत होत्या, एक थांबली की दुसरी. टेबल कापून लहान केलेलं होतं. एक मशीन, त्याच्यावर मुलगी. मैना आणि काकू खिडकीखाली. इस्त्रीची फळी दाराला लागून. उजेड सगळा ट्यूबलाइटचा. पुढच्या भागातल्या काचेतून जो उजेड टेबलावर पडायचा, त्यात मास्तर काळ्या कापडावरचा काळा दोरा ओळखत. त्यांनी टेबलाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"रंधा मारायला हवा होता. कापड अडकेल."

"मारते," मुलगी म्हणाली.

ते दिवसभर खुर्चीत बसले. एक पँट उसवून दिली. दोन गिऱ्हाईकं आली, त्यांनी मुलीशीच बोलणं केलं. तिनं माप घेतलं, खडूनं लिहिलं. एकानं मास्तरांच्या पायाकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. मैना सांगत होती की मोबाइलवाला सबंध दिवस एकच गाणं वाजवतो आणि तिला आता ते झोपेतही ऐकू येतं, आणि नवऱ्यानं विचारलं तर ती काय सांगणार आहे. काकू हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी इस्त्री बंद झाली. मैनेनं झाडू मारला. चिंध्या पोत्यात गेल्या. आणि मग नेहमीसारखी ती वेळ आली, जेव्हा कुणी काही करत नसे.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. वाकले. डाव्या बुटाचा पट्टा त्यांनी सोडवला.

पट्ट्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मैनेनं तोंड उघडलं आणि मिटलं. काकूंच्या हातात दोऱ्याचा गुंडा होता, तो तसाच राहिला. थांबा म्हणावं असं तिघींनाही वाटलं असेल. पण या माणसाला त्याच्याच फेरीबद्दल थांबा कसं म्हणायचं ते तिघींनाही कळत नव्हतं. त्या एका बुटात काय आहे ते मास्तरांनाही माहीत होतं. पुन्हा टाचणी रुतली तर पुन्हा ती खाट, आणि या खेपेला विकायला उरलेला हा निम्मा गाळा, पोरीसकट.

त्यांनी बुटातून टाच अर्धी बाहेर काढली.

मुलगी मशीनवरून उठली. ती अनवाणीच होती. तिनं गेल्याच महिन्यात रक्त तपासून घेतलं होतं, काकूंनी पाठीस लागून. अजून शुगर नव्हती. ती दाराशी गेली, भिंतीकडे पाठ करून उभी राहिली, हात पाठीमागे घेतले, आणि चालू लागली. नजर समोर. पावलं सावकाश. दारापासून खिडकीपर्यंत, आता ते अंतर फार नव्हतं. मग टेबलाखालून वाकून, मशीनच्या कडेनं परत. मास्तर तिच्या पावलांकडे बघत होते. तिची टाच आधी टेकायची. त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, तरी त्यांचीही तशीच टेकायची.

इस्त्रीच्या फळीपाशी ती थांबली. "स्स्," असं तिच्या तोंडून निघालं. ती एका पायावर उभी राहिली, दुसरा पाय मुडपून वर घेतला, तळव्यावरून बोट फिरवलं आणि टाचणी काढली. तळव्यावर रक्ताचा एक थेंब आला होता. तो तिनं अंगठ्यानं पुसला. टाचणी ट्यूबलाइटकडे धरून बघितली. पितळेची होती.

ती तिनं स्वतःच्या कॉलरमध्ये खोचली आणि पुढे चालत राहिली. पूर्ण फेरी करून दाराशी आली.

"झालं," म्हणाली.

मास्तरांनी टाच पुन्हा बुटात सरकवली. पट्टा लावला, ओढून बघितला. टेबलाच्या त्या खडबडीत कडेला धरून ते उठले. दारापाशी मुलगी बाजूला झाली. ते तिच्यासमोर क्षणभर थांबले, तिच्या कॉलरवर बाहेर आलेलं टाचणीचं टोक बोटानं कापडात आत सारलं, आणि बोळात उतरून चालू लागले.